हिमेजीचा किल्ला आणि आमच्या घरातला जिना

गेल्या महिन्यात जपानला गेलो होतो, तेव्हा हिमेजीच्या किल्ल्यात एक मजा झाली. नेदरलँड्सला, फेल्डहोवनच्या घरी परत आल्यापासून घरातला जिना चढताना रोज तीच आठवते...

आम्ही तिघीच होतो. मी, माझी आठ वर्षांची मिहू आणि नागपूरहून आमच्याकडे राहायला आलेली आई. गुडघ्यांची ऑपरेशन्स झाल्यापासून आईचं एक वाक्य ठरलेलं, "तुम्ही जा, मी बसते इथं." गुडघे नवे कोरे, डॉक्टर खूश... पण तिची हिंमतच गेली होती. खरं सांगते, मला त्या वाक्याची भीती वाटायला लागली होती.

इथल्या घरांचे जिने ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. जिना कसला, भिंतीला टेकवलेली शिडीच. सुरुवातीला आई खाली सोफ्यावरच झोपायची.

मग मिहूने तिला इथल्या पोरांची युक्ती शिकवली. तोंड जिन्याकडे करायचं, कठडा धरायचा आणि पाठमोरं उतरायचं. मिहूला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून डचच निघतं. त्यामुळे दिवसभर घरात "आख्तराउट, आजी, आख्तराउट" चालायचं, म्हणजे मागे मागे ये.

तर किल्ला. बाहेरून पांढराशुभ्र, अगदी नाजूक. आत मात्र बूट काढून पिशवीत घ्यायचे, मोज्यांनी गुळगुळीत लाकडावरून चालायचं, आणि जिने... बघूनच मला घाम फुटला. आता आई बाक शोधणार, अशी माझी खात्री होती.

ती जिन्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे त आपल्या घरच्यासारखंच आहे नं." बुटांची पिशवी माझ्या हातात दिली आणि निघाली. मागून मी, जीव मुठीत धरून.

थेट वरच्या मजल्यापर्यंत गेली. खिडकीतून सगळं शहर बघितलं, दम खाल्ला, आणि उतरताना शांतपणे पाठ फिरवली. खालून मिहूचं "आख्तराउट, आजी" सुरू झालंच.

वर जिन्याच्या तोंडाशी एक जपानी आजी कधीची घुटमळत उभी होती. तिने आईला नीट पाहिलं आणि तीही पाठमोरी उतरायला लागली. खाली पोचल्यावर दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करत राहिल्या. आधी कुणी थांबायचं, ते काही ठरेना...

संध्याकाळी टेकडीवरचं बुद्धमंदिर होतं. तिथेही भरपूर दगडी पायऱ्या. माझ्या पोटऱ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. पहिल्याच पायरीशी मी थांबले.

आईने माझ्याकडे बघितलं, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू बस इथं. आम्ही येतो वंदना करून."

मिहूचा हात धरून ती वर गेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी खाली बाटली सांभाळत बसले, आणि वर न जाताच माझी वंदना पोचली असं वाटलं...