दातिवऱ्याच्या अंगणातली चाचणी

“अजून काय होतं ताटात, तांडेल?” मी परत विचारलं. खरं तर विचारायलाच नको होतं. धर्मा तांडेल झाकलेल्या ताटाकडे बघत राहिले आणि अंगणात जमलेले सगळे त्यांच्याकडे.

साठच्या दशकातली गोष्ट. वय वाढतं तशी स्मरणशक्ती कशी बदलते आणि माणूस मनाने समाधानी राहतो का, हे आमचं संशोधन. चाचणी साधी. ताटात सुई, चावी, बटण, शिंपला अशा वस्तू दाखवायच्या, वर फडकं टाकायचं आणि काय काय होतं ते विचारायचं. तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावरचे कामगार आम्ही एकेकटे खोलीत घेतले होते. दातिवऱ्याच्या कोळीवाड्यात आमचे संशोधनप्रमुख सर म्हणाले, “खोलीत नेलं की गावातले लोक बुजतात. अंगणातच बसवा.” मीही मान डोलावली.

तांडेल म्हणजे मचव्याचा, मासेमारीच्या मोठ्या होडीचा, प्रमुख. त्याच्या शब्दावर खलाशी समुद्रात जातात. ते सगळे खलाशी समोरच बसलेले. तांडेलांना सुई आणि शिंपला आठवला, पुढे काही नाही. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांचा पुतण्या काशिनाथ बसला. चांगला तरणाबांड. “सुई. शिंपला. बाकी नाय आठवत, बाई.” पुढचा खलाशीही तेच म्हणाला. त्याच्या मागचाही तेच. मान कोणी वर करेना.

सर मात्र खूश. “बघा, तरुण आणि म्हातारे सारखेच!”

“सर, ही मुलं मुद्दाम चुकतायत.”

“तुम्ही फक्त मार्क लिहा.”

शेवटी समाधानाचा प्रश्न असायचा. मी विचारला, “तांडेल, हल्ली मन कसं असतं?”

“मी इसरतो, ते मला म्हाईत होतं,” ते हळू म्हणाले. “या पोरांना पन म्हाईत हाय, ते आज कळलं.” मग पुतण्याकडे वळले. “काशिनाथ, उद्यापासून सुकाणू तू धर.”

“नाय काका,” म्हणत तो मोठा गडी सगळ्यांदेखत रडायला लागला. मला त्याच्याकडे बघवेना.

त्या गावचे कागद मी हट्टाने बाद करायला लावले. सर माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मचवा मात्र तांडेलांच्या हातातून गेला तो गेलाच. पुढे नोकरीभर मी कुणालाही ताट दाखवण्याआधी उठून दार लावत आले. त्या अंगणामागे तांडेलांचं घर होतं, आणि त्यालाही दार होतं.