एमपेग-टू कोण वापरतं म्हणे!

मंडळी, आज मी ह्यांचं ऐकलं नाही, तेच बरं झालं.

माझ्या थोरल्या नणंदेच्या, शोभाताईंच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम दुपारी लोकल केबलवर होता. एकदाच लागणार, आणि ताई राहतात त्या बड़ा गणपती भागात ते चॅनल येतच नाही. म्हणून मी तो कंप्यूटरवर रेकॉर्ड करायला बसले, एमपेग-टू फॉरमॅटमध्ये.

हे मागून म्हणाले, "एमपी-फोर ठेव, फाइल लहान होते. एमपेग-टू आता कोण वापरतं?"

"तुमची बहीण! तिचा जुना डीव्हीडी प्लेयर एमपी-फोर चालवत नाही."

"अगं, पण हार्ड डिस्कवर जागा?"

"तुमच्या जुन्या मॅचेस उडवा. निकाल बदलणार नाहीत आता."

ह्यांनी उडवल्या.

संध्याकाळी पेन ड्राइव्ह घेऊन दोघं ताईंकडे गेलो. प्लेयरला लावला आणि पहिल्या फटक्यात चालला! ताईंनी स्वतःला टीव्हीवर पाहिलं. मग आवाज वाढवून थेट गॅलरीत जाऊन शेजारणीला हाक: "भाभीजी, जल्दी आओ, मैं टीवी पे आ रही हूँ!"

तुमच्या घरीही सगळे फाइल केवढी तेच बघतात? ती कोण बघणार, हे कुणीच विचारत नाही का?