पितृपक्षात थांबलेली गाडी

आमचे दाजी सुनीलराव यांच्यापुढं गाड्यांचा विषय काढू नये, हे रेश्माताईच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मला कळलं. मी राहात्याला पेरूची बाग करणारा माणूस. गाडी चालू झाली, माल मार्केटला पोचला, विषय संपला. दाजी नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत सुटे भाग तपासायच्या कामावर, आणि सुटीच्या दिवशीही तोंडात तेच. सनरूफ म्हणजे पोरांनी मुंडकं बाहेर काढायची खिडकी. मोठा स्क्रीन बघून गाडी घेणाऱ्यानं सरळ टीव्ही घ्यावा. ऑटोमॅटिक म्हणजे दुसऱ्यानं भरवलेला घास. ऐकून ऐकून डोकं उठायचं.

त्यांची स्वतःची गाडी लाल, बुटकी, टर्बो इंजिनाची. गल्लीतला गतिरोधक आला की ती तिरकी घालायची, श्वास धरायचा, मग हळूच चढवायची. मोकळा रस्ता मिळाला की मात्र पाठ सीटला चिकटलीच. ताईला तो वेग आवडायचा. आईला हे आम्ही कधी सांगितलं नाही. दोघांना मूलबाळ झालं नाही, तेव्हा लोक म्हणायचे, लाल गाडी हेच सुनीलचं पोर. ताई हसायची. मला लोकांचा राग यायचा.

मग ताईच्या कमरेचं हाड झिजलं, त्यात हृदयही अशक्त निघालं. लाल गाडीत बसायचं म्हणजे वाकून, अंग मुरडून खाली टेकायचं. ते तिला जमेना. एकदा बसताना ती अशी कळवळली की दाजींनी परत तिला त्या गाडीजवळ नेलं नाही. आणि नेमकी त्याच वेळी इकडं राहात्यात आमची आई, राहीबाई, बागेत घसरून पडली. पायाला प्लास्टर. ना ही तिकडं जाऊ शके, ना ती इकडं. दोघी मोबाईलवर एकमेकींना बघायच्या. ताईचं एकच चालू, आईजवळ चार दिवस राहून येते. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं.

मी म्हटलं, माझी पिकअप हाय, पुढच्या सीटवर उशा टाकून नेतो. दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी ताईला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालायला निघालोय. म्हणे, पिकअपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना माल भरल्याशिवाय लवचीकपणा येत नाही, रिकामी गाडी उडते, नगर-मनमाड रोडला तिचं काय होईल. भाड्याची गाडी बघू म्हटलं, तर भाड्याच्या गाड्यांचे शॉकअप गेलेले असतात. प्रत्येक गाडीत यांना खोट दिसायची. आणि खोटं बोलत होते असंही नाही, हेच तर अवघड होतं.

शेवटी लाल गाडी विकून त्यांनी उंच, सात सीटची गाडी बुक केली. मी चेष्टेनं विचारलं, दोघांना सात सीट कशाला? तेव्हा ते पहिल्यांदाच शांतपणे बोलले.

"गोरक्ष, फॅमिली गाडी म्हणजे माणसं किती बसतात ते नसतं बघायचं. घरातलं सगळ्यात नाजूक माणूस कसं बसतं, ते बघायचं."

शोरूममधली एकेक गाडी त्यांनी दार उघडून, सीटच्या उंचीला टेप लावून बघितली होती. ताईच्या कमरेच्या बरोबरीला येईल अशी सीट. इंजिनाबद्दल चकार शब्द विचारला नाही म्हणे. मला त्या दिवशी ते लई आवडले.

गाडी शोरूमला आली ती नेमकी पितृपक्ष लागल्यावर. पक्षात कोण नवी वस्तू घरी आणतं? शोरूम त्या पंधरवड्यात ओस. दाजी एरवी देवधर्माला हसणारे, सत्यनारायणालाही प्रसादापुरते येणारे. पण गाडीच्या बाबतीत पक्के. लाल गाडीसुद्धा पाडव्यालाच आणली होती. नवी गाडी यार्डात प्लास्टिकखाली उभी होती आणि मी फोनवर तावातावानं म्हणत होतो की दाजी, आणा, नारळ मागून फोडू.

"पहिल्याच फेरीला रेश्माला बसवायचंय," ते म्हणाले. "तिला बसवायची गाडी पक्षात नाही काढायची मला. घट बसू दे."

ताईला विचारलं, तर तीही म्हणाली, आता एवढं थांबलेय, अजून थोडं. आईला तिनं मोबाईलवर सांगितलं, घट बसले की येते, शेंगदाण्याची चटणी करून ठेव. आईनं माझ्या बायकोकडून शेंगदाणे भाजून घेतले.

घट बसायच्या आधीच ताई गेली. सकाळी चहा घेतला, उशीला टेकली, संपलं. दाजींचा फोन आला तेव्हा मी बागेत होतो. मी पिकअप काढली आणि नगर गाठलं. आईला नेता आलं नाही, प्लास्टर अजून तसंच होतं. तिनं लेकीचं तोंड मोबाईलवर बघितलं.

मला दाजींचा राग यायला हवा होता. वाट बघितली मी, आला नाही. आतून सगळं बधिर झालं होतं. तेही तसेच. भाऊबंद म्हणाले, गाडी रद्द करा, आता काय करायचीय. दाजींनी बुकिंग तसंच ठेवलं.

दसरा होऊन गेल्यावर त्यांनी मला शोरूमला बोलावलं. गाडीवर साटीनचं कापड झाकलेलं. तिथल्या पोरीनं सांगितलं, फॅमिलीनं मिळून कापड ओढायचं, फोटो काढू. मी एक टोक धरलं, दाजींनी दुसरं. ओढलं. टाळ्या वाजल्या. दाजींनी सांगतील तसं केलं, हार घाल म्हटलं घातला, किल्ली उंच धर म्हटलं धरली. राहात्यापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. गाडीबद्दलही नाही.

आईचं प्लास्टर निघालं होतं. ती काठी टेकत अंगणात आली, गाडीभोवती फिरली नाही की हात लावला नाही. नुसती म्हणाली, बसते. दाजींनी डावीकडचं दार उघडलं. आईनं काठी माझ्याकडं दिली, हँडल धरलं, पाय वर घेतला आणि सरळ बसली.

"वाकावं बी लागत न्हाई वो," ती म्हणाली.

"न्हाई, मामी."

"रेश्मा बसली असती."

"व्हय," दाजी म्हणाले. "त्याच मापानं घेतली."

ते दार धरून उभेच राहिले. शेवटी आईनंच ते आतून ओढून घेतलं.