मिरेनच्या दारावरचं वाळकं फूल

मंडळी, आज माझ्या हातून भलतंच झालंय.

या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची. समोरच्या मिरेनच्या दारावर खिळ्याला एक काटेरी, वाळकं फूल टांगलेलं असतं. आपण जुनी लिंबू-मिरची काढतो ना, त्याच सवयीने मी ते काढून बायोम्युलमध्ये, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. दुपारी कचऱ्याची गाडी डबा रिकामा करून गेली.

संध्याकाळी मिरेनने बेल वाजवली. "माझं फूल पाहिलंस का गं?"

मी चक्क "नाही" म्हणाले.

मग तीच सांगत राहिली. बास्क डोंगरातलं तिचं गाव, दगडी घरं मोजून चौदा. तिथे घराला नाव असतं आणि तेच माणसांचं आडनाव. तिच्या घराला आता कुलूप आहे. येताना तिने दारावरचं फूल तेवढं आणलं. अंधारातून जे येतं, त्याला आत शिरण्याआधी त्या फुलाचे सगळे काटे मोजावे लागतात म्हणे. मोजता मोजता उजाडतं.

आता अंधार पडलाय. मिरेन एकटी राहते, आणि जिन्यात टॉर्च घेऊन अजून शोधतेय. मी आत, कडी दोनदा तपासून बसलेय.

तुम्ही असतात तर तिला खरं सांगायला दार उघडलं असतंत का?