वंशावळीतून गाळलेला थोरला

स्वातंत्र्य मिळायला महिना राहिला होता, तेव्हा मुंबईहून रेवसला येणारी बोट बुडाली. आषाढातली अवस होती. त्या बोटीत आमचे आजोबा होते आणि माझ्या वडलांचे थोरले भाऊ होते. आजोबांचा देह दोन-तीन दिवसांनी किनाऱ्याला लागला. कमरेच्या करगोट्यावरून वडलांनी तो ओळखला. थोरल्या काकांचा देह मिळालाच नाही. ते विधुर होते, मूलबाळ नव्हतं. दर्भाचा पुतळा करून वडलांनी त्याला अग्नी दिला. मी तेव्हा लहान होते, पण तो पुतळा पेटताना झालेला तडतड आवाज मला आठवतो. माणूस जळतानाचा तो आवाज नव्हता आणि हे सगळ्यांना कळत होतं.

बाराव्या दिवशी सपिंडी करताना भटजींनी आजोबांच्या बापाचं, आज्याचं आणि पणज्याचं नाव विचारलं. वडलांनी दोन नावं सांगितली आणि ते थांबले. शेजारी बसलेल्या धाकट्या काकांकडे त्यांनी पाहिलं. काकांनाही ठाऊक नव्हतं. भटजी म्हणाले, नाव माहीत नसलं तर शास्त्रात सोय आहे, मी म्हणतो ते म्हणा. वडलांनी ते म्हटलं. पण घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "सांगणारे दोघंही बोटीत गेले. आता विचारायचं कुणाला?"

वडील गावच्या शाळेत मास्तर होते. घरामागे नारळी-सुपारीची छोटी वाडी होती, ती धाकटे काका बघायचे. आम्ही दोघी बहिणी, मुलगा नाही. म्हणजे वंशावळ लिहिली तरी आमच्या वडलांची फांदी त्यांच्यापाशीच संपणार होती. हे त्यांना कुणीतरी बोलूनही दाखवलं. तरी त्यांनी सुरुवात केली.

सुट्टीच्या दिवशी ते भावकीतल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसत. विड्याचं पान पुढे सरकवत आणि हळूहळू विचारत. घरी येऊन शाळेच्या फुलस्केप कागदांवर लिहीत. प्रत्येक नावाखाली दोन-चार ओळी. एक पूर्वज पटकीत गेला, त्याच्या आदल्या दिवशी त्याची बायको. एकजण सुपारी उतरवताना एका झाडावरून झोका घेऊन दुसरं झाड धरायला गेला आणि हात सुटला. एकजण बाळंतपणात गेली, मग तिच्याच धाकट्या बहिणीला त्याच घरात दिली आणि तीही पहिल्याच खेपेला गेली. प्लेगात सगळं घर रानात झोपड्या घालून राहिलं आणि परत आलं तेव्हा निम्मं उरलं होतं.

आई चुलीपाशी बसून हे ऐकायची. एकदा ती म्हणाली, "मेल्याचंच लिहिता सगळं. कुणी जगलं नाही का त्यांच्यात?"

वडील म्हणाले की मीही तेच विचारतो, पण लोकांना मरण तेवढं आठवतं. अमका कसा गेला ते चटकन सांगतात. तो कसा होता विचारलं की म्हणतात, चांगला होता.

असं चार-पाच वर्षं चाललं. मग कुणीतरी म्हणालं, श्रीवर्धनला तुझी आत्या आहे, तुझ्या बापाची धाकटी बहीण, तिला विचार. ती लग्न होऊन गेली ती क्वचितच माहेरी आली होती. वडलांनी मला बरोबर घेतलं. बोटीनं जायचं नाही अशी आईनं शपथ घातली होती, म्हणून आम्ही खुष्कीनं मुरूडला गेलो. पण राजपुरीची खाडी ओलांडायला होडीशिवाय इलाज नव्हता. वडील होडीच्या मध्यभागी बसले, दोन्ही हातांनी फळी धरून. पलीकडे उतरेपर्यंत त्यांनी पाण्याकडे पाहिलं नाही.

आत्या सुपारीच्या वाडीत राहत होती, मुलाकडे. ओसरीवर बसून ती अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. वडलांनी नावं वाचून दाखवली. ती मान डोलवत ऐकत होती. वडील म्हणाले, "आणि तुमच्या भावंडांत आमचे बाबा थोरले."

आत्याचा हात थांबला. "तुजा बाप थोरला न्हाय," ती म्हणाली. "थोरला येगला व्हता."

मग तिनं सांगितलं. तिचा सगळ्यांत मोठा भाऊ, घरचा कर्ता, लग्न झालेला, एक तान्हा मुलगा. त्याच्या अंगावर चट्टे उठले, मग बोटं झडू लागली. रक्तपिती. गावात कळायच्या आत बापानं त्याला खाजणाच्या बांधापलीकडे, खारफुटीच्या कडेला एक खोप घालून दिली आणि लोकांत सांगितलं की मुलगा काशीला गेला. पुढे सांगितलं, तिकडेच वारला. घरात त्याचं नाव काढायचं नाही असं ठरलं. पुढचा भाऊ, म्हणजे आमचे आजोबा, त्या दिवसापासून थोरले झाले. तान्ह्या मुलाला त्याच्या आजोळी काशीदकडे पोचवलं. बायकोला म्हणाले, तूही माहेरी जा. ती गेली नाही. ती त्या खोपीत जाऊन राहिली.

"भाताचं ताट मी नेऊन ठेवायची बांधावर," आत्या म्हणाली. "ठेवायचं नि मागं न बघता यायचं, असा बापाचा हुकूम. मी बघायची. तो हात जोडायचा. बोटं न्हवती, तरी जोडायचा."

तो बरीच वर्षं जगला. मेला तेव्हा पावसाळा होता, भरती होती. घरातून कुणी गेलं नाही. बायकोनं एकटीनं त्याला सुपारीच्या झापांवर घालून ओढत नेलं आणि वाळूत पुरलं. मग ती मुलाकडे चालत काशीदला गेली. आमच्या दारावरूनच वाट होती. ती थांबली नाही.

वडलांनी त्या दिवशी काही लिहिलं नाही. परतीच्या वाटेवर मात्र काशीदला उतरले. विचारत विचारत आम्ही एका घरी पोचलो. तो तान्हा मुलगा आता पन्नाशीचा झाला होता, माझ्या वडलांपेक्षा थोडा मोठा. भातशेती करायचा. अंगणात बाज टाकून त्यानं आम्हाला बसवलं. वडलांनी आपण कोण ते सांगितलं आणि म्हणाले की तुम्ही आमचे थोरल्या घरचे, तुमची आणि तुमच्या मुलाबाळांची नावं मला लिहायची आहेत.

तो म्हणाला, "आये जाताना सांगून गेली, त्या घरचं कोन आलं तर पानी द्या. नाव देऊ नका."

त्यानं आम्हाला पाणी दिलं, शहाळी काढून दिली, एसटीपर्यंत पोचवायला आपल्या मुलाला पाठवलं. तो मुलगा वाटेत वडलांशी भातपिकाबद्दल बोलला. त्याला बहुतेक काहीच माहीत नव्हतं.

घरी येऊन वडलांनी तो थोरला वंशावळीत लिहिला. नाव, आजार, खोप, मरण, सगळं. बायकोच्या जागी रेघ ओढली, कारण आत्या तिला वहिनीच म्हणायची आणि नाव तिला आठवेना. काका म्हणाले, हे घरातच ठेव. वडील म्हणाले, घरातच ठेवलं म्हणून तर असं झालं.

त्याच सुमारास माझ्या बहिणीचं नागावच्या एका घरी ठरत आलं होतं. मुलाकडची माणसं सुपारी फोडायला यायची होती. काका वडलांच्या पाया पडायचे बाकी राहिले होते, लग्न होईस्तोवर गप्प राहा म्हणून. वडलांनी बैठकीत स्वतःहून सांगितलं. आमच्या बाबांच्या थोरल्या भावाला हा आजार होता, तुम्हाला मागाहून कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. मुलाच्या बापानं शांतपणे ऐकून घेतलं, चहा घेतला, वडलांचं कौतुकही केलं. आठवड्यानं निरोप आला की पत्रिका नीट जुळत नाही. त्यानंतर कुणाचीच पत्रिका जुळेना. आसपासच्या गावांत बातमी झाली होती. काकांच्या मुलीलाही नकार आला, तेव्हा काकांनी घराच्या मधोमध भिंत घातली. दोन चुली झाल्या. विहिरीवर माझी आई दिसली की काकू कळशी तशीच ठेवून परत जायची.

बहीण दिसायला माझ्याहून चांगली होती, हुशार होती. कुणाला उलट बोलायची नाही. एका संध्याकाळी वडील कागद पसरून बसले होते. ती दिवा ठेवायला गेली आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, "बाबा, माझ्या नावाखाली काय लिहिणार?"

वडलांनी तिच्याकडे पाहिलं. ती आत निघून गेली. वडलांनी कागद गोळा केले आणि त्यानंतर मी त्यांना लिहिताना पाहिलं नाही.

पण एवढ्यावर संपलं नाही. एका उन्हाळ्यात काशीदचे ते थोरल्या घरचे चुलते आमच्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत, अंगणातच उभे राहिले. वडील लगबगीनं बाहेर गेले. चुलते म्हणाले की त्यांच्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. नागावहून बातमी फिरत फिरत तिकडे पोचली होती. ते रागावलेले नव्हते. थकलेले होते.

"आमी इसरलो व्हतो, मास्तर," ते म्हणाले. "पोरांना ठावंच न्हवतं. तुमी आटवन आनलीत."

वडील म्हणाले, "फाडू का ते कागद?"

"आता फाडून काय व्हनार हाय?" चुलते म्हणाले, आणि गेले. आईनं पाणी आणेपर्यंतसुद्धा थांबले नाहीत.

वडील त्यानंतर फार बोलेनासे झाले. शाळेत जात, शिकवत, घरी येऊन वाडीत बसत. बहिणीचं पुढे उशिरा पनवेलच्या एका बिजवराशी लग्न झालं. त्याला पहिल्या बायकोची दोन मुलं होती. त्याला आजाराबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मला मुलांना जेवू घालणारं माणूस पाहिजे. वाईट नव्हता तो. पण सासरी जाताना बहीण रडली नाही, त्याचंच आईला वाईट वाटलं. माझं त्याच्या पुढच्या वर्षी झालं, दूर, देशावर, जिथे आमच्या गावाचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

साठच्या दशकात, मी माहेरपणाला आले असताना, वडील गेले. पोटाचं दुखणं होतं. मुलगा नसल्यामुळे काकांनीच अग्नी दिला. त्यासाठी ते भिंतीच्या पलीकडून इकडे आले आणि दहा दिवस आमच्या ओटीवर झोपले.

दहाव्या दिवशी तळ्यावर काकांची हजामत झाली, त्यांच्या मुलाची झाली. तेवढ्यात एसटीनं आलेला एक तरुण माणूस चप्पल काढून न्हाव्यासमोर येऊन बसला. काशीदच्या चुलत्यांचा तो मुलगा, ज्याचं लग्न मोडलं होतं. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. भाऊबंदाशिवाय कुणी डोकं देत नाही. त्यानं काकांकडे पाहिलं आणि विचारलं, हे कोण?

हे मला काकूनं नंतर सांगितलं. तिच्या मुलानं तिला सांगितलं होतं. काकांनी आपल्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला, ती म्हणाली. मग म्हणाले, "भावकीतला आहे. कर."

तो तसाच ओल्या डोक्यानं आमच्या घरी आला. आईनं पाट मांडला, तेव्हा बसला. थोडं जेवला. त्याच्या वडलांनी पाठवलं का, असं बहिणीनं विचारलं तर म्हणाला, ते अंथरुणाला खिळलेत, पण त्यांनीही सुतक धरलंय. मग दुपारच्या एसटीनं गेला. त्याचं लग्न झालं की नाही, हे विचारायचं धाडस आम्हा दोघींपैकी कुणाला झालं नाही.