कोऱ्या कागदावरचे अंगठे

संघटनेच्या जालन्यातल्या खोलीत कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स मी आणलं, आणि मोडलंही मीच. दोन हजार साल नुकतंच उलटलं असेल. कुणीतरी आम्हाला एक वापरलेला कॉम्प्युटर दिला होता, त्यात चोरून घातलेलं सॉफ्टवेअर. मी बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले, जगभरच्या माणसांनी मिळून बनवलेली, फुकट वाटलेली गोष्ट समोर असताना आपण कंपनीचा माल चोरून का वापरावा? टाळ्या पडल्या. मग लक्षात आलं, की ती गोष्ट बसवता कुणालाच येत नाही.

बसवली चाचांनी. चाचा म्हणजे आमची पत्रकं छापणाऱ्या प्रेसमधले जुळारी. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात उभी हयात गेलेली. प्रेसमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, चाचा आता घरी बसणार. चाचा बसले, पण कॉम्प्युटरसमोर. बदनापूरहून रोज रेल्वेने येताना मांडीवर इंग्रजी मॅन्युअल आणि त्यावर शब्दकोश. पन्नाशी उलटल्यावर.

त्याआधी, खिळ्यांच्या काळात, माझ्या पत्रकात प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह असे. चाचा प्रूफ घेऊन येत आणि तोंड पाडून सांगत, "बेटी, उद्गारचिन्हाचे खिळे खतम झाले. दोनच राह्यले." मी दोन जागा निवडून देई. चार वर्षं माझा त्यावर विश्वास होता. प्रेसचं सामान विकायला काढलं त्या दिवशी मी खिळ्यांचा कप्पा पाहिला. काठोकाठ भरलेला.

तर त्या वर्षी आष्टीच्या पुढच्या एका गावात रेशनच्या यादीतून बरीच घरं गळाली. हरकत द्यायची मुदत सोमवारी तहसील कचेरी बंद होईपर्यंत. आधी हाताने लिहून दिलेल्या हरकती 'अक्षर लागत नाही' म्हणून परत आल्या होत्या. अक्षर लागत नाही! माणसं उपाशी राहिली तरी चालतील, अक्षर मात्र वळणदार हवं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, छापूनच तोंडावर मारू. गावात गेले, एकेकाचं ऐकून वहीत खुणा केल्या, आणि लोकांची मजुरी पुन्हा बुडू नये म्हणून कोऱ्या कागदांच्या तळाशी अंगठे घेऊन आले. वरच्या जागेत मजकूर छापायचा, झालं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. माणसं आपली, लढा आपला.

मजकूर मी दोन दिवस बसून टाइप केला. अडचण प्रिंटरची होती. देणगीत आलेला नवा प्रिंटर आमचं जुनं लिनक्स ओळखत नव्हतं. चाचांकडे नव्या आवृत्तीच्या तीन सीड्या होत्या. शुक्रवारी ते कामावर, म्हणून मी एकटीच अपग्रेडला बसले.

मशीन अडून बसलं. प्रिंटरचं पॅकेज, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, हवं, तर त्याला दुसरं एक लागतं. त्या दुसऱ्याला नवी लायब्ररी लागते. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कामाचा गठ्ठा. नवी आली की जुनी जाणार, आणि आमचा मराठी टाइप करायचा प्रोग्रॅम जुनीवरच उभा. म्हणून नाही. याला विचार, त्याला विचार. मला तर ते थेट कचेरीच वाटायला लागलं. मॅन्युअलमध्ये एक शब्द सापडला, फोर्स. शेजारी अजून एक सोय होती: कुणाला काय लागतं ते तपासूच नका. मी दोन्ही हुकूम एकदम दिले.

प्रिंटर सुरू झाला. मी टाळी वाजवली. मग मराठीचा प्रोग्रॅम उघडायला गेले, तर तो उघडेना. सगळ्या हरकती त्याच्याच फायलींत, आणि त्या वाचू शकेल असं दुसरं मशीन माझ्या माहितीत नव्हतं.

शनिवारी सकाळी चाचा प्रेसमध्ये रजा टाकून आले.

"काय केलं?"

"फोर्स."

"आन्?"

"आणि कुणाला काय लागतं ते विचारू नको म्हटलं."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते बिचारं घंटाभर सांगून राह्यलं, मला हे लागतं, ह्याला ते लागतं. तू म्हन्ली, गप बस."

"चाचा, भाषण नको. सोमवार आलाय."

"भाषन तुझं काम हाये. मी खिळे जुळवतो."

ते म्हणाले ते खरंच केलं त्यांनी. जुन्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर एकेका पॅकेजचं नाव, खाली त्याला काय लागतं ते, आणि असे कागद टेबलभर मांडले. खिळ्यांच्या पानातून एक अक्षर उपसलं की नुसतं भोक पडत नाही, ओळ सैल होते, मग पान उचलताना सगळं खाली. म्हणून उपसायच्या आधी तेवढ्याच रुंदीचं दुसरं हातात पाहिजे. हे त्यांनी मला तिथे समजावलं.

कागद कमी पडले म्हणून त्यांनी माझ्या फळीवरचा गठ्ठा ओढला आणि थांबले.

"ह्याच्यावर तर अंगठा हाये."

"हो. वर हरकत छापायचीय."

"वर काय येनार, ते ह्यांना मालूम हाये?"

"ऐकूनच लिहिलंय मी."

"वाचून दावलं?"

"वेळ कुठे होता?"

"मंग मशीनवर फोर्स मारलं तेच ह्यांच्यावर बी मारलं म्हन की."

मी भडकले. "मी यांच्या बाजूची आहे, चाचा!"

"बिलकुल हाये. मंग वाचून दावायला डर कशाची?"

मी बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्यांना सुनावायला चांगली चार वाक्यं जुळवली. एकही टिकेना. शेवटी खाली जाऊन दोन चहा सांगून आले.

तोवर चाचांना तिसऱ्या सीडीवर हवं ते सापडलं होतं. तीच जुनी लायब्ररी, पण वेगळ्या नावाने, वेगळ्या जागी बसणारी. नवीला न हलवता. "एका घरात दोन चुली," ते म्हणाले. "सासू बी खूश, सून बी खूश." मी जबरदस्तीने घातलेलं त्यांनी आधी उतरवलं. मग दोन्ही लायब्रऱ्या, मग प्रिंटर, शेवटी मराठी. दर वेळी मशीन जे म्हणे ते पूर्ण मोठ्याने वाचत, आणि मगच होकार देत. चार वाजता पडद्यावर देवनागरी उमटली. चाचांनी चाचणीची पहिली ओळ टाइप केली: उद्गारचिन्हं संपली आहेत. मी हसता हसता रडले.

"आता छापू," ते म्हणाले, "पन साध्या कागदावर. उद्या वाचून दावू." आणि रविवारची सुट्टी सोडून ते माझ्याबरोबर आष्टीच्या एसटीत बसले.

शाळेच्या ओसरीत लोक जमले. मी वाचत गेले. चौथी हरकत एका म्हातारीची होती, एकटी राहणारी. मी लिहिलं होतं: मी निराधार असून माझ्यावर उपासमारीची वेळ आली आहे.

म्हातारीने हात वर केला. "हे कोन म्हन्लं?"

"तुम्हीच, आजी. म्हणजे, तसंच ना ते..."

"मी आसं बोलले न्हाई. उपाशी हाये म्हनून कोनापुढं हात पसरला का मी? माझं नाव यादीत व्हतं, ते कोन काढलं, का काढलं? यवढंच इचार."

तिचा अंगठा माझ्या फळीवर पडून होता. वर मी काहीही छापलं असतं तरी ते तिनेच म्हटलं असं झालं असतं.

चाचा माझ्याकडे बघत नव्हते, हे त्यांचे उपकार. मी पेन काढलं आणि खोडलं. त्या दिवशी पुष्कळ खोडलं. बहुतेकांच्या हरकती दोन-तीन ओळींवर आल्या, आणि खरं सांगते, माझ्या मजकुरापेक्षा त्या जास्त झोंबणाऱ्या होत्या.

सोमवारीही रजा टाकून पहाटेच्या गाडीने आलेल्या चाचांनी दुरुस्त्या करून सगळं छापलं. ज्यांना पुन्हा येणं जमणार नाही असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं, ते सगळे एका जीपमध्ये कोंबून दुपारी कचेरीच्या ओट्यावर आले. स्वतःची हरकत पुन्हा ऐकली, अंगठे दिले. खिडकीतल्या बाबूने एकेक कागद चाळला. अक्षर लागत होतं. कचेरी बंद व्हायच्या आत शेवटच्या हरकतीवर पोच म्हणून शिक्का पडला.

मग चाचांनी माझ्या हातात तो जुना गठ्ठा दिला. "ज्याचा त्याला दे." मी ओट्यावर फिरून कोरे अंगठे परत केले, माफी मागत. म्हातारीने आपला कागद उलटसुलट पाहिला, तळाची अंगठ्याची पट्टी नीट फाडून पानाच्या चंचीत ठेवली आणि उरलेला कागद माझ्यापुढे धरला.

"घे. कोरा हाये. लिवायला व्हईल तुला."