लॉगमधलं गाव

चिखलीतल्या त्या ऑफिसचा जिना आठवला की आजही माझं डोकं तापतं. बियाण्यांच्या दुकानावर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, आणि सर. सर म्हणजे मालक. जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर चालणारा प्रोग्राम ते विकायचे, मी सांभाळायचे. कापसाचा सीझन नीट पार पडला की मला कायम करायचं, असं बोलणं झालं होतं. मला ती नोकरी हवी होती. इतकी, की ज्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं त्याला मी रोज सकाळी हसून नमस्कार करायचे.

त्या ऑफिसात कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. माणसाचं गाव हेच त्याचं नाव. मी सोनाळ्याची, म्हणून मी सोनाळा. माझ्या आधी होता तो संग्रामपूर. कॉम्प्युटरवरचे फोल्डरसुद्धा त्यानेच गावांच्या नावाने करून ठेवले होते, सरांच्या मशीनवरचा फोल्डर चिखली. मीही माझ्या लॅपटॉपवर फोल्डर केला, सोनाळा. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

प्रोग्राम कुठे अडतो ते कळावं म्हणून तो काय काय झालं ते एका फाइलमध्ये लिहीत जातो. तो लॉग. आमच्या लॉगमध्ये प्रत्येक चुकीपुढे छापलेलं असे, ती कोडच्या कुठल्या फाइलमधल्या कितव्या ओळीवरून आली. प्रोग्राम हे चालताना शोधत नाही. कोड कंपाइल करताना, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालता प्रोग्राम बनवताना, हा पत्ता आत कोरला जातो. आणि आमच्याकडे तो पूर्ण कोरला जायचा: ज्या मशीनवर कंपाइल केलं तिथला फोल्डर, मग फाइल, मग ओळ. ऑफिसची मशीनं कंपाइलला लावली की अर्धा तास गपगार पडत. म्हणून सर म्हणाले, तुमच्या लॅपटॉपवर करत जा. कोड कुणीही लिहिलेला असो, लॉगमधली प्रत्येक चूक सोनाळ्यापासून सुरू व्हायला लागली.

सीझन लागला आणि जिनिंगवर एक घोळ सुरू झाला. काट्यावर नवा ट्रॅक्टर चढला तरी पडद्यावर अधूनमधून आधीच्याच ट्रॅक्टरचं वजन दिसायचं. काट्यावर बसणारे काका वैतागायचे, मागे ट्रॅक्टरांची रांग हॉर्न मारायची. काका लॉगचा फोटो काढून सरांना पाठवायचे, मलाही पाठवायचे, तरी सर आपला मोबाइल माझ्या नाकासमोर धरायचे.

"सोनाळा, परत तुमचंच."

"सर, ते माझ्या लॅपटॉपवर कंपाइल झालं म्हणून तसं येतं. चूक दोनशे बाराव्या ओळीवर आहे. ती ओळ बघा ना."

"वळ काऊन पाहू? समोर गाव लिहून राह्यलं न!"

दोनशे बारावी ओळ सरांची होती. मी यायच्या आधी त्यांनी स्वतः लिहिलेली. काट्याकडून आकडा आलाच नाही तर जुनाच आकडा दाखवायचा, असं त्यांनी तिथे करून ठेवलं होतं. मी ते दाखवलं. ते म्हणाले, "पाच वर्सं झाली चालून राह्यलं ते. तुमी आल्यावरच काऊन बिघडलं?" काट्याची केबल त्या वर्षी आणखी सैल झाली होती, हे मी सांगितलं. ती ओळ मी बदलते, असंही म्हटलं. "माह्या कोडले हात लावाचा नाई." विषय संपला. खरं तर त्यांना सगळं समजत होतं. माणूस मूर्ख असता तर मी माफ केलं असतं.

सरांनी हे काकांनाही सांगून टाकलं. मी जिनिंगवर केबल बघायला गेले की काका शेजारच्याला सांगायचे, "हेच ते सोनाळा. सारा घोळ इचाच." माझ्यासमोर, माझ्या देखत. मी खाली मान घालून केबल तपासायचे आणि मनात त्यांना नाही नाही ते बोलायचे.

सीझन संपायला आला तशी मी कायम करण्याची चिठ्ठी मागितली. सर म्हणाले, "लॉग पाह्यला का सवताचा? एवढ्या चुका करून कायम व्हाचं हाये?"

मी लॅपटॉप बंद केला, पिशवीत टाकला आणि जिना उतरले. रडले ते एसटीत. रागाने रडले, दुःखाने नाही. शेजारच्या बाईने पाणी पुढे केलं तर तेही मी धड घेतलं नाही.

कोडमध्ये बारीकसा बदल करायचा तरी आता सरांना स्वतःच्या मशीनवर कंपाइल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आठवड्याभरात काकांचा फोटो मला आला, सवयीने माझ्याकडेही पाठवला असणार. तीच चूक, तीच दोनशे बारावी ओळ, आणि सुरुवातीला चिखली. खाली काकांनी विचारलं होतं, "आज चिखलीची चूक हाये का?" मी इतकी मोठ्याने हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

दोनच दिवसांत लॉगमधून गाव गेलं. फक्त फाइल आणि ओळ. काकांनी सरांना विचारलं तेव्हा सर म्हणाले म्हणे, "ते टेक्निकल असते. जिथं कंपाइल केलं तिथलं नाव येते, त्याचा चुकीशी काई संबंध नाई." शब्द माझे होते, जसेच्या तसे.

लॅपटॉपची एक केबल ऑफिसात राहिली होती. ती आणायला चिखलीला गेले तेव्हा वाट वाकडी करून जिनिंगवरही गेले. काकांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की चूक माझी नव्हती. काका ओशाळले. म्हणाले, "हाव, तुमचं काई नव्हतं." मग अजून हाच नंबर आहे ना, हे विचारायला मोबाइल काढून त्यांनी माझा नंबर शोधला आणि मला तो पडदा दिसला. नंबर 'सोनाळा घोळ' या नावाने साठवलेला होता.

"हे बदला," मी म्हटलं.

"बदलतो न. पण काय टाकू? तुमचं नाव तं मले कोनी सांगतलंच नाई."

मी त्यांच्यावर ओरडणार, तेवढ्यात मला संग्रामपूर आठवला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी जुने लॉग चाळले होते. सगळ्या चुका संग्रामपूरपासून सुरू होत होत्या. पत्ता कसा कोरला जातो हे मला शिकवायला कुणी नको होतं, तरी सरांबरोबर मीही हसून म्हटलं होतं, या संग्रामपूरने काय घाण करून ठेवलीय. दोनशे बारावी ओळ अधूनमधून त्या लॉगमध्येही होती. तो काम सोडून गेला की त्याला काढलं, हे मी कधी विचारलं नाही. आणि त्याचं नाव काय, हे मलाही माहीत नव्हतं.